तासाला एक विमान, पण घरचा कासरा सुटेना

वाचकहो, आपल्या प्रत्येक गावात असे एखादे घर असतेच. म्हातारा ऐंशीला टेकलेला, मुलगा पन्नाशीला आलेला. नांगरट, पेरणी, बाजार, सोसायटीचे कर्ज, सारे मुलगाच पाहतो. पण सातबारावर नाव म्हाताऱ्याचे आणि पेटीची किल्ली म्हाताऱ्याच्या कमरेला. विहिरीवर कोणती मोटर बसवायची ते मुलगा ठरवून येतो, दुकानदाराला इसारही देतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारा परस्पर निरोप धाडतो, की व्यवहार मोडला. मुलगा चार माणसांत मान खाली घालतो. घरात सून मुकाट्याने भाकरी थापत राहते.

तुम्ही म्हणाल, हे आमच्या आळीतले घर. असेलही. पण आज सांगतो आहे ती गोष्ट सातासमुद्रापलीकडच्या घराची आहे. त्या घरात पैशाला तोटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात त्या घराने आपल्या रानात एक कारखाना उभा केला आणि त्यातून तासाला एक लढाऊ विमान बाहेर पडू लागले. नातवंडे पलटणीत गेली. जगाने तोंडात बोट घातले. पण त्याच घरात बापाच्या हातून मुलाच्या हाती कासरा काही सुटला नाही. ते घर म्हणजे अमेरिकेतले मोटारवाले फोर्ड.

शेतकऱ्याचा पोर

हेन्री फोर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८६३ सालचा, मिशिगन राज्यातला. त्याची बायको क्लारा हीसुद्धा शेतकऱ्याचीच लेक. हेन्रीला लहानपणापासून शेतीच्या कष्टाचा कंटाळा आणि यंत्राची ओढ. तरुणपणी तो डेट्रॉइटला एडिसनच्या वीज कंपनीत कामाला लागला, आणि १९०३ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने स्वतःची मोटार कंपनी काढली. १९०८ साली त्याची 'मॉडेल टी' ही गाडी निघाली. १९१३ पासून त्याने गाडी कामगारापुढे सरकत आणण्याची पद्धत बसवली. कामगार जागेवर उभा राहायचा, गाडीचा सांगाडा त्याच्यापुढून जायचा, आणि प्रत्येकाने आपापले एकच काम करायचे. गाडी इतकी स्वस्त झाली, की साध्या शेतकऱ्यालाही ती घेता येऊ लागली.

हेन्री आणि क्लारा यांना एकच मूल, एडसेल. जन्म १८९३ चा. बापाचे मुलावर प्रेम नव्हते असे मुळीच समजू नका. १९१७ साली हेन्रीने शेतीसाठी ट्रॅक्टर काढला, तेव्हा त्या कंपनीला नाव दिले 'हेन्री फोर्ड आणि सन', म्हणजे बाप आणि मुलगा. त्यावरूनच त्या ट्रॅक्टरचे नाव फोर्डसन पडले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नाव आठवत असेल. १९१९ साली पंचविशीतल्या एडसेलला त्याने मोटार कंपनीचा अध्यक्ष केले. कागदावर सारे मुलाच्या नावे झाले. पण गावाला ठाऊक असते, की कागद वेगळा आणि कारभार वेगळा.

एडसेल शांत, मृदू स्वभावाचा. त्याला चित्रांची आवड, गाडीच्या घडणीतले सौंदर्य कळायचे. 'मॉडेल टी' आता जुनी झाली, नवी गाडी काढू, असे तो वर्षानुवर्षे सांगत होता. बाप ऐकेना. दुसऱ्या कंपन्या पुढे निघून चालल्या, तेव्हा कुठे १९२७ साली हेन्रीने ती गाडी बंद केली.

पलटणीचा डाग

आता लढाईकडे येऊ. हेन्री फोर्डला युद्धाचा तिटकारा होता. पहिले महायुद्ध थांबवावे म्हणून १९१५ च्या डिसेंबरात त्याने स्वखर्चाने माणसे जमवून एक जहाज युरोपला नेले. लढाई काही थांबली नाही, हसू मात्र झाले. पुढे १९१७ साली अमेरिकाच युद्धात उतरली. तरुणांची सक्तीने भरती सुरू झाली. एडसेल तेव्हा २३ वर्षांचा, नुकता बाप होऊ घातलेला. कारखान्यात लढाईचा माल होतो, मुलाशिवाय तो चालणार नाही, असे सांगून हेन्रीने त्याला भरतीतून सोडवून घेतले.

कारण खोटे नव्हते. पण लोकांची पोरे खंदकात मरत होती आणि श्रीमंताचा पोर घरी होता. वर्तमानपत्रांनी एडसेलला झोडपून काढले. निर्णय बापाचा, बोल मुलाच्या कपाळी. कोणत्याही गावात फौजी घराशेजारी राहणाऱ्याला हे दुखणे कळेल.

म्हणूनच असेल, दुसऱ्या महायुद्धात एडसेलचे तिन्ही मुलगे गणवेशात गेले. थोरला हेन्री, आजोबाच्याच नावाचा, १९४१ साली नौदलात दाखल झाला. मधला बेन्सन लष्कराच्या हवाई दलात गेला. धाकटा विल्यम वय होताच नौदलाच्या हवाई शाखेत शिकाऊ म्हणून गेला. त्यांच्या बापाला मात्र वेगळीच लढाई लढायची होती. ती कारखान्यात होती आणि घरातही.

मोडलेला सौदा

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. इंग्लंड एकटे उरले. त्यांच्या लढाऊ विमानांना लागणारी रोल्स-रॉइसची इंजिने अमेरिकेत बनवून हवी होती. ९ हजार इंजिनांचे काम, त्यांतली ६ हजार इंग्लंडसाठी. एडसेलने अध्यक्ष या नात्याने होकार दिला. बातमी छापून आली. आणि म्हाताऱ्याने सांगितले, परक्या देशासाठी आम्ही लढाईचा माल करणार नाही. सौदा मोडला. काम पॅकार्ड नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. एडसेलला आपला शब्द सरकारपुढे मागे घ्यावा लागला.

विहिरीवरच्या मोटरीची गोष्ट आठवली ना?

आणखी एक गोष्ट लोक विसरले नव्हते. १९३८ साली, पंचाहत्तराव्या वाढदिवसाला, हिटलरच्या सरकारने दिलेले पदक हेन्रीने स्वीकारले होते. १९२० नंतरच्या काळात त्याच्या मालकीच्या साप्ताहिकातून ज्यू लोकांविरुद्ध विखारी लेखही निघाले होते. मोठ्या माणसाचे सारेच मोठे नसते, हे सांगायलाच हवे. त्यामुळे सौदा मोडल्यावर संशयाची बोटे उठली, आणि त्या बोटांपुढे उभे राहायचे होते ते मुलालाच.

सोयाबीनच्या रानात कारखाना

अमेरिका पुढच्या लढाईची तयारी करीत होती, तेव्हा एक कामगिरी अशी आली की हेन्रीलाही नाही म्हणता येईना, कारण ती आपल्याच देशासाठी होती. 'लिबरेटर' नावाचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान हवे होते. पंखांची लांबी ११० फूट.

१९४१ च्या जानेवारीत एडसेल, त्याचे दोन मुलगे हेन्री आणि बेन्सन, आणि कारखान्याचा मुख्य कारभारी चार्ल्स सोरेन्सन हे कॅलिफोर्नियात हे विमान कसे बनते ते पाहायला गेले. तिथे जुळणीचे काम उघड्यावर चालले होते. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून बसवताना लोखंड किती वाढते, ते आपण पाहिले आहे. तिथेही उन्हाने लोखंडी सांगाडे कमीजास्त व्हायचे आणि भाग एकमेकांत बसेनात. प्रत्येक विमान जणू नव्याने घडवावे लागे. सोरेन्सनने एका रात्रीत कागदावर आराखडा काढला, की मोटारीसारखेच विमान सरकते ठेवायचे आणि तासाला एक बाहेर काढायचे. सकाळी एडसेलने त्याला मान्यता दिली.

जागा कोणती निवडली? हेन्री फोर्डची शेतजमीन. डेट्रॉइटच्या पश्चिमेला इप्सिलँटी गावाजवळ विलो रन नावाचा ओढा आहे, त्याच्या काठी. आज आपल्या मराठवाडा-विदर्भात घरोघर सोयाबीन आहे. पण त्या काळी सोयाबीनचे वेड घेतलेला हेन्री फोर्ड त्याच्यापासून रंगापासून गाडीच्या भागांपर्यंत काय काय करून पाहत होता, आणि या रानातही ते पीक होते. १९३९ पासून तिथे मुलांची एक छावणी भरे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किंवा पंगू झालेल्या सैनिकांची ही मुले. ती तंबूत राहत, शेत कसत, आणि भाजीपाला रस्त्याकडेच्या दुकानावर विकत. आधीच्या लढाईने पोरकी केलेल्या पोरांच्या रानात पुढच्या लढाईचा कारखाना उभा राहिला.

१९४१ च्या वसंतात काम सुरू झाले. इमारतीचे छत ३५ लाख चौरस फुटांचे. हिशेब करा, सुमारे ८० एकर जमीन एका छपराखाली!

हात कोणाचे?

यंत्रे आली, पण हात कुठून आणायचे? जवान मुले पलटणीत निघाली होती. मग आसपासच्या आणि दूरच्या राज्यांतल्या खेड्यांतून माणसे आली. १९४३ साली तिथे ४२ हजारांवर कामगार होते, आणि त्यांतल्या सुमारे तिसरा हिस्सा स्त्रिया. काळ्या स्त्रियांना मात्र दार उघडायला उशीर लागला, त्यासाठी त्यांना आवाज उठवावा लागला. पंखाच्या चिंचोळ्या पोकळीत शिरायला मुद्दाम ठेंगणी माणसे घेतली होती. एका विमानाला रिव्हेट लागायचे तीन लाखांवर. एक आत शिरून लोखंडी ठोकळा धरायचा, दुसरा बाहेरून हातयंत्राने ठोकायचा.

त्यांतच केंटकी राज्यातली रोझ मन्रो होती. नवरा अपघातात गेलेला, पदरात दोन मुली. ती इथे येऊन रिव्हेट मारू लागली. युद्धरोखे विकण्यासाठी काढलेल्या चित्रपटात ती झळकली आणि कामकरी स्त्रीचे प्रतीक ठरली. तिला विमान चालवायचे होते, पण तेव्हा जमले नाही. पुढे पन्नाशी उलटल्यावर तिने वैमानिकाचा परवाना काढला. आपल्या लेकीबाळींना जरूर सांगा.

पण सुरुवातीला घोडे अडले. राहायला घरे नव्हती. लोक एका खोलीत पाळीपाळीने झोपत, चाकावरच्या खोपटांत राहत. डेट्रॉइटहून रोज ये-जा करून माणसे थकत आणि काम सोडून जात. हवाई दल विमानात सारखे बदल सुचवी. १९४२ साल संपले तेव्हा अवघी ५६ विमाने सरकारच्या ताब्यात गेली होती. लोक 'विल इट रन', म्हणजे 'चालेल का हे?', अशी कारखान्याची टिंगल करू लागले. अध्यक्ष म्हणून ती टिंगल वाट्याला आली एडसेलच्या.

न उकळलेले दूध

एडसेलला पोटाचा आजार जुना. १९४२ च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. पुढे कळले की पोटात कर्करोग आहे. त्यात आणखी एक ताप जडला, येणारा-जाणारा, अंग मोडून काढणारा. हा ताप दुधातून आला होता. ते दूध कुठले? बापाच्याच गोठ्यातले, न तापवलेले. दूध निर्जंतुक करण्यावर हेन्रीचा विश्वास नव्हता.

वाचकहो, इथे दोन मिनिटे थांबा. हा रोग आपल्याही गोठ्यात आहे. त्याचे नाव ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गाय-म्हैस पाच-सहा महिन्यांनंतर गाभडली, वार अडकली, तर या रोगाची शंका घ्या आणि जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. वार आणि गाभडलेले वासरू उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. चुना टाकून खोल पुरा. कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस टोचतात. सरकारी मोहिमेत ती मिळते, ती चुकवू नका. आणि धारोष्ण दूध अंगी लागते असे घरातले वडीलधारे कितीही म्हणोत, दूध उकळूनच प्या. माणसाला हा ताप जडला की सांधे धरतात, रात्री घाम सुटतो, आणि महिनोन् महिने पाठ सोडत नाही.

एडसेल आजारातही कामावर जात राहिला. २६ मे १९४३ रोजी तो गेला. वय अवघे ४९.

त्यानंतर विलो रन खरोखर धावू लागले. १९४४ च्या वसंतात तासाला एक विमान बाहेर पडू लागले. एकूण ८,६८५ लिबरेटर विमाने या एका कारखान्याने दिली. त्यांनी शत्रूची तेलाची केंद्रे आणि रेल्वेमार्ग उडवले, शहरेही जाळली. त्यांत बसून गेलेले हजारो तरुण परत आले नाहीत. जमेची आणि खर्चाची, दोन्ही बाजू त्या वहीत आहेत. पण ज्याने आराखड्याला होकार दिला, त्याला भरलेले खळे दिसले नाही.

सासू-सुनांनी सोडवलेला कासरा

मुलाच्या चितेची राख निवण्याआधी, असे आपण म्हणू, ७९ वर्षांच्या हेन्रीने पुन्हा अध्यक्षपद हाती घेतले. त्याला झटके येऊन गेले होते, स्मरण दगा देई. त्याच्या कानाशी लागलेला होता हॅरी बेनेट नावाचा माणूस, कारखान्यातल्या पहारेकऱ्यांचा मुख्य. दंडेलीसाठी प्रसिद्ध. म्हातारा थकला की सारा कारभार याच्याच हाती जाणार, अशी चिन्हे दिसू लागली. कारखाना म्हणजे लढाईचा आधार. सरकारलाही काळजी पडली. १९४३ च्या उन्हाळ्यातच नौदलाने थोरल्या नातवाला, २५ वर्षांच्या हेन्रीला, सेवेतून मोकळे करून घरी पाठवले. बापाला पलटणीत जाऊ न देता घरी ठेवले म्हणून बोल लागला, आणि मुलाला पलटणीतून काढून घरी पाठवावे लागले, असा हा दैवाचा खेळ.

नातू दोन वर्षे गप्प राहून शिकला. पण आजोबा खुर्ची सोडीना. तेव्हा पुढे झाल्या घरातल्या दोन बायका. एक क्लारा, म्हाताऱ्याची बायको. दुसरी एलेनॉर, एडसेलची विधवा. नवऱ्याच्या खच्ची होण्याला ती सासऱ्याला आणि बेनेटला जबाबदार धरत होती. तिने स्पष्ट बजावले, की माझ्या मुलाच्या हाती कारभार द्या, नाहीतर माझ्या वाट्याचे शेअर मी बाहेर विकते. सासूने सुनेची बाजू घेतली. ज्याने सरकारला आणि कामगारांना दाद दिली नव्हती, तो म्हातारा घरातल्या दोघींपुढे नमला. २१ सप्टेंबर १९४५ रोजी २८ वर्षांचा नातू अध्यक्ष झाला. त्याने बेनेटला ताबडतोब घरी बसवले. कंपनी तोट्यात रुतली होती, ती त्याने वर काढली.

लढाई संपत आली, तेव्हा १९४५ च्या जूनमध्ये विलो रनचे शेवटचे विमान तयार झाले. त्याला हेन्री फोर्डचे नाव द्यायचे ठरले होते. म्हाताऱ्याने स्वतःचे नाव पुसायला लावले आणि कामगारांना त्यावर सह्या करू दिल्या. ही समज आली, पण मुलगा गेल्यावर.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री हेन्री फोर्ड वारला. नदीला पूर आला होता, घरची वीज गेली होती. वीज कंपनीत नोकरी केलेल्या या माणसाने मेणबत्तीच्या उजेडात डोळे मिटले.

आपल्या आभाळात

या विमानांची एक खूण आपल्याकडेही आहे. लढाई संपल्यावर ब्रिटिश फौजांनी बरीच लिबरेटर विमाने कानपूरला मोडीत टाकली होती, पुन्हा उडू नयेत म्हणून नासधूस करून. स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातल्या माणसांनी त्यांतली चाळीसएक दुरुस्त करून उडती केली. हा कारखाना १९४० साली म्हैसूर सरकारच्या साथीने काढला होता आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आपल्या हवाई दलाने ही विमाने १९६८ पर्यंत वापरली. त्यांतले एक १९६९ साली पुण्याहून उडत अमेरिकेत टुसॉनच्या संग्रहालयात गेले. विलो रनमध्ये पुढे मोटारीचे भाग होत. तेही काम २०१० साली बंद झाले. आता इमारतीचा लहानसा भाग संग्रहालयासाठी राखला आहे.

वाचकहो, लाखो भाग वेळच्या वेळी एका हातातून दुसऱ्या हातात कसे द्यावेत, ते या घराला जगात सर्वांआधी साधले. फक्त एक गोष्ट बापाच्या हातून मुलाच्या हाती वेळेवर गेली नाही.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की ओट्यावर बसा. मुलाला जवळ बोलवा, सुनेलाही बसवा. कर्ज किती, येणे किती, कोणत्या गटाचे काय, ते सारे सांगा. मोटर कोणती घ्यायची ते त्याला ठरवू द्या, आणि तो चुकला तर चारचौघांत बोलू नका. जमिनीची वाटणी, वारस, मृत्युपत्र यांचे कागद हातपाय चालताहेत तोवर करून ठेवा. पेटीच्या किल्लीला जागा एकच असावी असे नाही. दुसरी किल्ली करून आणायला बाजारात फारसा वेळ लागत नाही.